पाण्यावरचे गाव : एका चित्राची चिकित्सा

१

वीसेक वर्षांपूर्वी एका मासिकात मी माणसाच्या आरंभीच्या घरांविषयी लेख लिहिला होता. लेखासोबत एक चित्र छापले होते. चित्रात आल्प्सच्या पायथ्याचे शांत सरोवर होते. काठापासून बऱ्याच अंतरावर, पाण्यात रोवलेल्या शेकडो खांबांवर फळ्यांचे एक लांबरुंद मचाण उभारलेले होते आणि त्या मचाणावर शाकारलेल्या घरांचे अख्खे गाव वसलेले होते. कुणी जाळे वाळत घालतो आहे, कुणी होडीतून उतरतो आहे, काठाला जोडणारा एक अरुंद पूल आहे. चित्राखाली मी ओळ लिहिली : 'नवाश्मयुगीन स्वित्झर्लंडमधील सरोवरावरील गाव'. 'कल्पनाचित्र' हा शब्द लिहावा असे मला सुचले नाही.

लेख आल्यावर आठ-दहा पत्रे आली. त्यांतले एक पोस्टकार्ड पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे होते. अक्षर टपोरे, मजकूर चारच ओळींचा. त्यांचे म्हणणे असे : खांब आज पाण्यात सापडले, म्हणून ते पाण्यातच रोवले होते हे कशावरून? उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते. ते देऊळ काही कुणी पाण्यात बांधले नव्हते. आपण खुलासा करावा.

मी खुलासा केला नाही. खरे सांगायचे तर मला तो प्रश्न थोडा बाळबोध वाटला. एवढ्या मोठ्या विद्वानांनी दीडशे वर्षे अभ्यासलेल्या गोष्टीवर एका पोस्टकार्डाने शंका घ्यावी, हे मला पटले नाही. कार्ड एका पुस्तकात खुणेसाठी राहिले. पुढे त्या विषयावरचे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले, की पोस्टकार्डावरचा प्रश्न हाच त्या संपूर्ण संशोधनशाखेचा मध्यवर्ती प्रश्न होता. युरोपातल्या पुरातत्त्वज्ञांना तो नीट विचारायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभराहून अधिक. हा लेख त्या चित्राविषयी आहे. ते कसे जन्मले, कसे टिकले, कसे पडले आणि पडल्यावर त्याच्या जागी काय आले, हे मी एखादी साहित्यकृती वाचावी तसे वाचणार आहे.

२

१८५३-५४ चा हिवाळा आल्प्सच्या परिसरात अतिशय कोरडा आणि थंड गेला. सरोवरांचे पाणी फार खाली उतरले. झ्युरिक सरोवराच्या काठी ओबरमाइलेन नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी ही संधी साधून उघड्या पडलेल्या पट्ट्यावर बांध घालायला आणि तळातला गाळ उपसून जमीन वाढवायला सुरुवात केली. गाळातून लाकडी खांबांची टोके दिसू लागली. सोबत दगडी कुऱ्हाडी, सांबरशिंगाची हत्यारे, मडक्यांची खापरे निघाली. योहानेस एप्ली या तिथल्या शाळामास्तरांनी ही बातमी झ्युरिकच्या पुराणवस्तू मंडळाला कळवली. मंडळाचा संस्थापक फर्डिनांड केलर ओबरमाइलेनला आला आणि त्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्याने आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. या वस्त्यांना जर्मनमध्ये 'फालबाउटेन' हे नाव रूढ झाले. सरळ अर्थ : खांबांवरची बांधकामे.

नावातच निष्कर्ष आला, हे इथे लक्षात घ्यायला हवे. केलरला सापडले होते ते खांब. खांबांवर काय होते ते सापडलेले नव्हते. त्याने कल्पना केली ती अशी : खांब पाण्यात ठोकले, त्यावर सलग मचाण बांधले आणि मचाणावर झोपड्या उभारल्या. हा तर्क निराधार नव्हता. खांब खरोखर पाण्याखाली होते, शेकड्यांनी होते, एकमेकांजवळ दाटीने होते. एवढ्या खांबांनी काहीतरी मोठे तोलून धरले असणार, असे कुणालाही वाटले असते.

या शोधाचे खरे अप्रूप वेगळ्याच गोष्टीचे होते. साध्या जमिनीत लाकूड कुजते, कापड कुजते, धान्य नाहीसे होते, उरतात ते दगड आणि खापर. सरोवराच्या गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे कुजण्याची क्रियाच थांबते. म्हणून या गाळातून जे निघाले ते पाहून युरोप थक्क झाला : जवसाच्या धाग्याचे विणलेले कापड, जाळी, दोर, लाकडी दांड्यात बसवलेल्या कुऱ्हाडी, अर्धे कापून वाळवलेली लहान जंगली सफरचंदे, जळून कोळसा झाल्यामुळे टिकलेली भाकरी. रोबेनहाउझेन इथे याकोब मेसिकोमर नावाच्या शेतकऱ्याने १८५८ पासून पुढे आयुष्यभर खणून या वस्तू काढल्या, अभ्यासकांना दिल्या, जगभरच्या संग्रहालयांना विकल्या. झ्युरिक विद्यापीठाने पुढे त्याला मानद डॉक्टरेट दिली. लुडविग र‍्युटिमायरने १८६१ मध्ये इथल्या प्राण्यांच्या हाडांवर आणि ओस्वाल्ड हेअरने १८६५ मध्ये वनस्पतींवर लिहिलेले प्रबंध हे त्या त्या शास्त्रातले पायाचे दगड ठरले.

म्हणजे एकाच जागी दोन गोष्टी घडत होत्या. तळातल्या गाळाचा अभ्यास असामान्य काटेकोरपणे चालला होता. आणि त्या गाळावर एक मचाण तरंगत होते, ज्याला कुणी हात लावत नव्हते. सफरचंदाची जात कोणती यावर प्रबंध होत होता, पण सफरचंद खाणारा कुठे बसला होता हे ठरूनच गेले होते.

३

केलरच्या मनात हे चित्र आले कुठून?

दोन ठिकाणांहून. पहिले ठिकाण हिरोडोटस. त्याच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात प्रासियास सरोवरात राहणाऱ्या पेओनियन लोकांचे वर्णन आहे. सरोवराच्या मध्यात उंच खांबांवर फळ्यांचे मचाण, काठापर्यंत एकच अरुंद पूल. लग्न करणाऱ्या पुरुषाने दर बायकोमागे डोंगरातून तीन खांब आणून रोवायचे. प्रत्येक झोपडीत खाली पाण्याकडे उघडणारी झडप. लहान मुले पडू नयेत म्हणून त्यांच्या पायाला दोरी बांधलेली. आणि मासे इतके, की झडपेतून टोपली सोडली तर थोड्याच वेळात भरून वर यायची. हे वर्णन एकदा वाचले की विसरता येत नाही. पायाला दोरी बांधलेले ते मूल डोळ्यांपुढून हलत नाही. चांगल्या गद्याची ही ताकद असते आणि धोकाही तोच असतो.

दुसरे ठिकाण न्यू गिनी. फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल १८२७ मध्ये तिथल्या डोरे या गावी पोचला होता. त्याच्या जलप्रवासाच्या ग्रंथात समुद्रावर खांबांवर उभ्या असलेल्या तिथल्या घरांचे चित्र छापले आहे. केलरच्या १८५४ च्या चित्राचा आराखडा जवळजवळ त्याच चित्रावरून घेतलेला आहे. डोरेची घरे उचलली, मागे आल्प्सच्या रांगा घातल्या आणि प्रागैतिहासिक स्वित्झर्लंड तयार झाले.

यावर हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. पुरातत्त्वाला साधर्म्यावाचून गत्यंतर नसते. खांब पाहून घर दिसायला आधी कुठेतरी खांबांवरचे घर पाहिलेले असावे लागते. आपल्याकडेही हेच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनी, चुली आणि खांबांचे खळगे मिळाले. लाकूड आपल्या मातीत टिकत नाही, त्यामुळे खळगेच वाचावे लागतात. त्या खळग्यांवर छप्पर चढवताना म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या ग्रामीण घरांचा आधार घेतला. पाच खोल्यांचे एक घर, त्याशेजारी धान्यकोठार, म्हणून ते वस्तीच्या प्रमुखाचे घर, असा अर्थ लावला गेला. तो अर्थ पटण्यासारखा आहे. पण 'पाच खोल्या' हा पुरावा आणि 'प्रमुख' हे वाचन, एवढे अंतर वाचकाला दिसत राहिले पाहिजे. अहवालात ते अंतर दिसते. चित्रात दिसत नाही. चित्राला 'बहुधा' म्हणता येत नाही. वाक्यात कर्ता संदिग्ध ठेवता येतो, क्रियापद विध्यर्थी करता येते. चित्रकाराला मात्र छप्पर एक तर काढावे लागते किंवा काढू नये लागते.

केलरचा दोष साधर्म्य वापरण्यात नव्हता. त्याने एक गृहीत तपासले नाही, ते पोस्टकार्डवाल्या गृहस्थांनी नेमके पकडले होते : आजचा पाण्याचा काठ म्हणजेच तेव्हाचा काठ.

४

तरीही एक प्रश्न उरतो. चूक झाली हे समजण्यासारखे आहे. ती शंभर वर्षे टिकली का?

१८४७ साली स्वित्झर्लंडमध्ये कॅथलिक प्रांतांची आघाडी आणि उरलेले प्रांत यांच्यात यादवी युद्ध झाले. ते थोड्याच आठवड्यांत संपले आणि १८४८ मध्ये नवी राज्यघटना होऊन संघराज्य उभे राहिले. या नव्या राष्ट्राला एक भाषा नव्हती, एक पंथ नव्हता, एक राजवंश नव्हता. सहाच वर्षांनी सरोवराच्या तळातून असे पूर्वज वर आले, जे जर्मन आणि फ्रेंच यांच्याही आधीचे होते, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्याही आधीचे होते. त्यांच्या वस्त्या झ्युरिक सरोवरात होत्या तशा नशातेलमध्येही होत्या. असा पूर्वज कोणत्या नव्या राष्ट्राला नको असेल?

त्या दृष्टीने मचाणाकडे पुन्हा पाहावे. चित्रात प्रत्येक घर वेगळे उभे नाही, सगळी घरे एका सलग जमिनीवर आहेत. ती जमीन कुणा एकाची नाही, सगळ्यांनी मिळून बांधलेली आहे. काठावरच्या शत्रूपासून आणि श्वापदांपासून ती अलग आहे, पूल ओढून घेतला की सुरक्षित आहे. आजूबाजूच्या मोठ्या सत्तांपासून अलिप्त राहणारे, एकजुटीने उभारलेले, कष्टाळू लोकांचे छोटे राष्ट्र : हे वर्णन मचाणाचे आहे की १८४८ च्या संघराज्याचे? केलरने असे ठरवून केले, असे मी म्हणत नाही. पण वाचकांना ते चित्र इतके आपले का वाटले, याचे उत्तर मला इथे दिसते.

चित्रकारांनी ते उचलले. ऑगस्ट बाशलाँने १८६७ मध्ये सरोवरावरच्या गावाची मोठी तैलचित्रे रंगवली. त्याच वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या वस्त्यांच्या वस्तू मांडल्या गेल्या. अल्बर्ट आंकरने १८७३ मध्ये सरोवरकाठी बसलेली एक तरुण आई रंगवली, मांडीवर झोपलेले मूल, नजर दूर पाण्यापार. आंकर हा स्विस खेड्यांतल्या घरगुती जीवनाचा चित्रकार. ही आईही त्याच्या खेड्यातलीच वाटते, फक्त अंगावरचे कपडे बदललेले.

सगळ्यांना मोहिनी पडली होती असे मात्र नाही. जर्मन लेखक फ्रीड्रिख थिओडोर फिशर याची 'आउख आइनर' ही कादंबरी १८७९ मध्ये आली. तिच्यात खांबांवरच्या गावाची एक लांब उपकथा आहे. फिशरच्या गावकऱ्यांचा सगळा धर्म पडशाभोवती फिरतो. सर्दी ही त्यांना पवित्र आहे, पुरोहितांची सत्ता तिच्यावर चालते. कथा धर्मसत्तेवरचे विडंबन म्हणून लिहिलेली आहे, पण मला तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. विद्वान मंडळी मचाणाच्या भव्यतेत गुंग असताना एका कादंबरीकाराला साधा प्रश्न पडला होता : बारा महिने पाण्यावर राहणाऱ्या माणसाला थंडीत काय होत असेल? उपहास करणाऱ्याने देहाचा विचार केला. देहाचा विचार केला की चित्राला पहिला तडा जातो.

५

तडे पडायला प्रत्यक्षात विसावे शतक उजाडले. १९२० च्या दशकात हान्स राइनर्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने मांडले, की ही घरे खोल पाण्यात नव्हती, काठावर होती. पुराचे पाणी येई तेव्हा त्याच्यापासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या जमिनी उचललेल्या होत्या. आज पाहता ही मांडणी बरीच योग्य दिशेने जाणारी होती. पण हाच राइनर्ट पुढे नाझी पक्षाच्या पुरातत्त्वयंत्रणेतला एक प्रमुख माणूस झाला. वंशश्रेष्ठत्वाच्या कामाला त्याने प्रागितिहास जुंपला. युद्धानंतर सहकाऱ्यांनी त्याला बहिष्कृत केले, ते योग्यच होते. वाचक म्हणून हे प्रकरण मला अस्वस्थ करते. बरोबर निरीक्षण वाईट माणसाच्या हातून येऊ शकते आणि सज्जन केलरच्या हातून चुकीचे. माणसावरून मांडणी तोलायची सवय समीक्षेत आपल्यालाही आहे. ती सोयीची असते, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.

१९४२ मध्ये ओस्कार पारेटने एक निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'मृत्युलेख' असा शब्द होता. मृत होती ती पाण्यावरच्या गावाची कल्पना. स्वित्झर्लंडमध्ये एमिल फोग्टने वाउविलच्या दलदलीत एगोल्झविल ३ या वस्तीचे उत्खनन केले. ही दलदल म्हणजे पूर्वीचे सरोवर. तिथे झाडाच्या सालींच्या जमिनी आणि मातीच्या चुली थेट तळाच्या मऊ थरावर टेकलेल्या मिळाल्या. चूल जड, खालची माती मऊ, त्यामुळे चूल खचायची. मग त्याच चुलीवर मातीचा नवा थर दिला जायचा. असे थरावर थर. मचाणावरच्या चुलीला असे खचता येत नाही. खांबांचाही उलगडा झाला. ते मचाणाचे भार वाहणारे खांब नव्हतेच. ते घरांच्या भिंतींचे आणि आढ्यांचे खांब होते. मऊ गाळात घर टिकवायचे तर खांब खोल जावा लागतो, म्हणून ते एवढे लांब होते.

केलरच्या अहवालाच्या शताब्दीच्या निमित्ताने या विषयावरचा ग्रंथ १९५५ मध्ये निघाला आणि निकाल लागल्यासारखे झाले. पाण्यावर गाव नव्हतेच. गावे काठावर होती, पाणी नंतर चढले. पळसदेवचे देऊळ!

माझ्या पोस्टकार्डाचे उत्तर इथे मिळाले, असे मला वाटले होते. काही वर्षे मी तसेच समजून होतो. एका व्याख्यानात मी ही सगळी हकिकत रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, की पाण्यावरची गावे हा एकोणिसाव्या शतकाचा भ्रम होता. टाळ्या पडल्या. खंडन हे नेहमीच टाळ्यांना सोपे असते.

६

तेही अपुरे होते.

१९७० च्या दशकात इटलीच्या उत्तरेला त्रेन्तिनो भागातल्या फियावे इथे रेनातो पेरिनीने उत्खनन केले. हेही पूर्वीचे सरोवर, आता पीटची दलदल. इथे एकाच जागेवर वेगवेगळ्या काळातल्या वस्त्या मिळाल्या. एका टप्प्यातली घरे काठावरच्या जमिनीवर होती. दुसऱ्या टप्प्यातली, कांस्ययुगातली, खरोखर पाण्यात रोवलेल्या उंच खांबांवर होती. त्यानंतरच्या एका टप्प्यात खांब बुडू नयेत म्हणून तळाला ओंडक्यांची जाळीदार चौकट बांधून तिच्यात ते अडकवले होते. म्हणजे केलर सर्वत्र चूक नव्हता आणि फोग्टही सर्वत्र बरोबर नव्हता. एकाच समाजाने, एकाच तळ्याकाठी, पिढ्यांच्या अंतराने वेगवेगळे पर्याय निवडले होते.

याच सुमारास दुसऱ्या एका पद्धतीने खांबांच्या जंगलाचा गुंता सोडवला. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढते. पाऊस चांगला तर वलय रुंद, दुष्काळ तर अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांची रुंद-अरुंद वलयांची ही मालिका सारखी असते. तिच्या एकमेकांत गुंतणाऱ्या कड्या जोडत दक्षिण जर्मनीत हजारो वर्षांचे वलयपंचांग तयार झाले. खांबाच्या टोकाला सालीखालचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर ते झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. शतक नव्हे, वर्ष.

या कालगणनेने केलरच्या चुकीचे मूळच उघडे केले. जे खांब त्याला एका वेळी, एकमेकांजवळ दाटीने उभे दिसले, ते एका वेळचे नव्हतेच. एक घर पडले, शेजारी दुसरे बांधले, गाव उठले, शे-दोनशे वर्षांनी पुन्हा कुणी तिथेच आले. प्रत्येकाने आपले खांब रोवले आणि सगळ्यांचे बुंधे गाळात राहिले. शेकडो वर्षांचा काळ एका नजरेत सपाट झाला आणि त्या सपाटीवर मचाण बसले. मचाण म्हणजे चपटा झालेला काळ.

'पाणी की काठ' या वादातही एक गोष्ट निसटली होती. आल्प्समधल्या बर्फाच्या पाण्यावर भरणारे कॉन्स्टान्स सरोवर आजही उन्हाळ्यात चढते आणि हिवाळ्यात उतरते. हा फरक दीड-दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. तिथे काठ एका जागी कधी थांबतच नाही. हिवाळ्यात कोरडी असलेली जागा आषाढाच्या सुमारास पाण्यात असते. अशा जागी घराची जमीन थोडी उचलून घेणारा माणूस पाण्यावरही राहतो आणि काठावरही. आमचे दोन पर्याय त्याला ठाऊकच नव्हते.

७

चित्र मोडल्यावर हाती काय राहिले? यासाठी मी एकाच वस्तीचा दाखला देतो. कॉन्स्टान्स सरोवराच्या स्विस काठावर आर्बोन नावाचे गाव आहे. तिथल्या 'ब्लाइखे ३' या जागेचे उत्खनन १९९० च्या दशकात झाले. वलयमोजणीवरून त्या वस्तीचे आयुष्य कळले : इ. स. पू. ३३८४ ते ३३७०. पंधरा वर्षे. पहिल्या वर्षी पहिले घर, मग पुढच्या वर्षांत एकेक करत सत्तावीस घरे. प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र खांबांवर. मग आग लागली. त्यानंतर सरोवराने त्यावर गाळ पसरला आणि कुणी परत आले नाही.

पंधरा वर्षे म्हणजे एक मूल जन्माला येऊन मिसरूड फुटेपर्यंतचा काळ. प्रागितिहासात आपण सहस्रकांत बोलतो. इथे एका मुलाच्या बालपणाएवढे गाव आहे. घराघरांतली हाडे वेगवेगळी मोजली तेव्हा कळले, की सगळ्यांच्या ताटात एकच नव्हते. कुठे एका जनावराचे मांस जास्त, कुठे दुसऱ्याचे. माशांतही घरागणिक फरक. माणसांच्या विष्ठेच्या अवशेषांत माशांतून शरीरात जाणाऱ्या पट्टकृमीची अंडी सापडली, म्हणजे मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले जात होते. पोटे दुखत असणार. याच सरोवराच्या दुसऱ्या वस्त्यांत बर्चच्या सालीपासून काढलेल्या डांबराचे चघळलेले तुकडे मिळाले आहेत, त्यांवर दातांचे ठसे आहेत.

हे सगळे वाचताना मला फिशरच्या विडंबनाची आठवण झाली. देहाचा प्रश्न विचारणारा तोच खरा संशोधक निघाला होता. जुन्या चित्रात पूर्वज होते, या गाळात माणसे आहेत. पूर्वजांना पोटात जंत नसतात. त्यांना घर बांधताना पंधरा वर्षांनी ते जळणार आहे हे माहीत नसण्याची अडचण नसते, कारण ते कायमचे तिथेच बसलेले असतात, जाळे वाळत घालत. राष्ट्राला हवा असतो तो असा पूर्वज. वाचकाला कुणाची सोबत हवी, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

२०११ मध्ये युनेस्कोने आल्प्सच्या परिसरातल्या अशा १११ वस्त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या सहा देशांत विखुरलेल्या आहेत : स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया. एका राष्ट्राचे बोधचिन्ह म्हणून ज्याची सुरुवात झाली, ते सहा देशांच्या समाईक यादीत गेले. आणि बहुतेक वस्त्या तिथे जाणाऱ्याला दिसत नाहीत. त्या पाण्याखाली, गाळाखाली आहेत आणि तिथेच राहाव्यात हेच त्यांच्या हिताचे आहे. उघड्या पडल्या तर लाटा, बोटींचे घुसळणे आणि हवा त्यांना खाऊन टाकते. ज्या वारशाचे दर्शन हेच त्याचे मरण, त्याला चित्राची भूक लागणारच.

८

मुलगी नोकरीनिमित्त झ्युरिकला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा कॉन्स्टान्सहून बोटीने उंटरउल्डिंगन इथे गेलो. तिथे पाण्यावर उभारलेल्या नमुना-घरांचे संग्रहालय आहे. पहिली घरे १९२२ मध्ये बांधली, आता वीसहून अधिक आहेत. लाकडी पुलांवरून चालत एका घरातून दुसऱ्या घरात जाता येते. पायाखाली फळ्या वाजत होत्या, फटींतून हिरवट पाणी दिसत होते. जुनी घरे समाईक मचाणावर आहेत, केलरच्या चित्रासारखी. अलीकडच्या काळात आर्बोनच्या पुराव्यावरून बांधलेले एक घर आहे, ते आपले वेगळे उभे आहे. संग्रहालयाने जुनी घरे पाडलेली नाहीत. वेगवेगळ्या काळात विद्वानांना काय वाटले, ते सगळे शेजारी शेजारी ठेवले आहे. ही मांडणी मला फार प्रामाणिक वाटली.

सोबतच्या प्रवाशांत एक शाळेची सहल होती. मुले फोटो काढत होती, ते अर्थातच जुन्या मचाणावर. मीही काढला. खोटे सांगत नाही, ते दृश्य अजूनही सुंदर दिसते. चित्र चुकीचे ठरले म्हणजे त्याचा मोह संपतो असे नाही. समीक्षेने मोह संपवावा अशी माझी अपेक्षाही नाही. त्याच्याखाली एक शब्द लिहावा, एवढी आहे. जो शब्द मी वीस वर्षांपूर्वी लिहिला नाही.

परत आल्यावर ते पोस्टकार्ड शोधले, सापडले. पत्त्यावर पत्र पाठवले. महिन्याभराने त्यांच्या मुलाचे उत्तर आले, वडील काही वर्षांपूर्वी गेले. त्याने लिहिले होते, की वडिलांना अशी पत्रे लिहायची सवय होती आणि बहुतेकांची उत्तरे येत नसत. म्हणून खुलासा इथे करतो : आपला प्रश्न बरोबर होता. बहुतेक ठिकाणी पाणी नंतर चढले. काही ठिकाणी मात्र लोक खरोखर पाण्यावर राहिले आणि बऱ्याच ठिकाणी वर्षातले काही महिने एक, काही महिने दुसरे. आणि मी छापलेले ते चित्र कल्पनाचित्र होते.